असोला नारळ

बोईसरहून करवतवाला आला तेव्हा मंदा माडाच्या बुंध्याला पाठ लावून पाटावर बसली होती. मांडीशी विळी नाही, पुढ्यात भाजी नाही, नुसती बसलेली. ही बाई रिकाम्या हातांनी बसली की घरातल्यांनी ओळखावं, आज कुणाची धडगत नाही.

"मोठीआई, ऊठ," ललित म्हणाला. ललित तिच्या धाकट्या दिराचा मुलगा. दूध आईचं प्यायला असेल, पण धपाटे मंदाचे खाल्ले, म्हणून माणसात आला.

"का उठू? माझ्या बुडाखाली तुझ्या बापाची इस्टेट हाय काय?"

"हाय तर. वाडी बापाचीच होती."

"बघा! मुडद्याला बोलता येतं."

करवतवाला आळीपाळीने दोघांच्या तोंडाकडे बघत होता. त्याने मशीन खाली ठेवलं आणि हात जोडले. "अम्मा, थोडी देर का काम है. ऊपर से सूख गया है. किसी के सिर पे गिरेगा."

"तुझ्या अम्माला जाऊन सांग. माझ्या डोक्यावर पडला तर पडू दे, तुझा काय जातो?"

पण पडायचं होतं ते तिच्या डोक्यावर पडलं नव्हतं. गेल्या आठवड्यात एक वाळकी झावळी देठासकट सुटली आणि अंगणात भातुकली मांडून बसलेल्या स्वराच्या शेजारी, अगदी हातभर अंतरावर, धाडकन आदळली. स्वरा म्हणजे ललितची लेक. मातीची बोळकी फुटली, पोर वाचली. तेव्हापासून ललितची बायको स्नेहल ह्या चुलतसासूशी बोलत नव्हती. भांडली असती तर मंदाला बरं वाटलं असतं. भांडणाला उत्तर देता येतं. स्नेहल नुसती पोरीला मागच्या दाराने शाळेत नेत होती आणि मागच्या दाराने आणत होती.

तारापूरकडच्या वाड्यांत माडांना काय तोटा? एक गेला, चार लावले. पण हा एक माड मंदाचा नवरा होता. गंमत नाही सांगत.

बळवंत नौदलात होता, बॉयलरच्या खोलीत होरपळणारा. लग्नानंतर दोन सुट्ट्या काय ते त्यांचा संसार. एकाहत्तरच्या लढाईत त्याचं जहाज रात्रीचं बुडालं. तार आली, तिच्यात बेपत्ता म्हटलेलं. शेजारच्या नवापूरचा देवू त्याच जहाजावर होता. तो वाचला. बरा झाल्यावर तो येऊन ओटीवर बसला, चहाला हात लावला नाही, मान वर केली नाही. म्हणाला, "वयनी, बळवंत माझ्या मागे पवत होता. मी सोता बघितला. कुठल्या तरी बोटीने उचलला असेल." मंदाने ते वाक्य दागिन्यासारखं जपून ठेवलं.

वर्ष सरलं. सासरे म्हणाले, पोराला असं लोंबकळत किती ठेवायचं, त्याचं करून टाकू. मढं नसलं की आपल्यात पुतळा करतात. दर्भाच्या काड्या, पळसाची पानं, आणि डोक्याच्या जागी नारळ. अंगणात पुतळा निजवला. नारळ वाडीतलाच, वर सोडण तशीच, असोला. सोलायचं कुणाला सुचलंच नाही, सासूचे हात चालत नव्हते. भटजी मंत्र म्हणत होते. ओटीवर शेजारच्या दोघी बायका मंदाच्या बांगड्या फोडायला दगड घेऊन तयार बसल्या होत्या. केवढी घाई त्यांना!

मंदा उठली, पुतळ्याचं डोकं उचललं, पदरात घेतलं आणि वाडीत चालती झाली. कोयत्याने खड्डा केला, तळाला मूठभर मीठ टाकलं, राख टाकली, नारळ आडवा ठेवला. मागून सगळा गाव. ती सासऱ्यांना म्हणाली, "कोंब आला तर ते हायत. नाय आला तर मी सोता येऊन त्या दगडाखाली हात ठेवते."

सासरे म्हणाले, "राहू दे तिला." भटजी दक्षिणा घेऊन गेले, बिनडोक्याचा पुतळा तसाच विरला.

शिमग्याला कोंब आला.

तेव्हापासून मंदा सवाशीण. कपाळाला कुंकू, हातात हिरव्या बांगड्या, हळदीकुंकवाला पहिल्या रांगेत. एकदा एकीने कुंकू लावताना हात आखडला. मंदा म्हणाली, "लाव गो. तुझ्या नवऱ्यापेक्षा माझा सरळ उभा राहतो." त्या बाईचा नवरा ताडीच्या गुत्त्यावरून भिंती धरत घरी यायचा. त्यानंतर कुणाचा हात आखडला नाही.

तिने दिराची पोरं वाढवली, वाडी वाढवली, चिकू लावले, नणंदांची लग्नं करून दिली. पंधरा ऑगस्टला शाळेत शहिदाची पत्नी म्हणून बोलवायचे, तर ती सांगायची, "शहीद कोण? येत्या पावसाळ्यात नारळ देतील ते." आणि माड द्यायचाही. घरातल्या नव्या सुनेची पहिली ओटी त्याच्याच नारळाने भरायची, हा तिने घातलेला दंडक. स्नेहलचीही तशीच भरली. माडाला ती कधी माड म्हणाली नाही. "ते", "त्यांना", "त्यांचं". नाव तर नाहीच, नवऱ्याचं नाव कोण घेतं?

मग दोन वर्षांमागे भुंगा लागला. आधी पानांना कात्रीने कापावं तशी भोकं, मग शेंड्यातून आंबूस वास. मंदाने मनोरच्या डोंगरातल्या गोमाला बोलावलं. गोमा भाताची कापणी झाली की किनाऱ्यावर येऊन माडांवर चढायचा, नारळ उतरवायचा, शेंडे साफ करायचा. ह्या माडावर त्याच्याशिवाय कुणी चढलेलं मंदाला चालत नसे. गोमाने तारेने भुंगे काढले, भोकांत डांबर भरलं, शेंड्यात मीठ आणि वाळू घातली. दर खेपेला मंदा खालून मान वर करून विचारी, "कोंब हाय काय रे?"

आणि गोमा वरून ओरडे, "हाय, बाय!"

माडाचं सगळं त्या मधल्या कोंबात. तो आहे तोवर खालच्या दहा झावळ्या वाळल्या तरी माड जिवंत. झावळ्या एकेक करून वाळत गेल्या. फुलोऱ्याच्या पोयी यायच्या बंद झाल्या, होते ते नारळ कोवळेपणीच गळून पडले. तरी गोमा म्हणायचा, हाय. मग घरच्यांनी काही म्हटलं की मंदा म्हणायची, "तुमी चढलाव काय वर? गोमा चढलाय."

आजही तिने तेच म्हटलं. "गोमाला येऊ दे. तो नाय म्हणाला तर माझ्या हाताने दोर धरीन."

"मीच बोलावलाय त्याला," ललित म्हणाला, आणि खाली बघायला लागला.

गोमा आला. मंदाकडे न बघता त्याने कमरेला कोयता खोवला, पायांत दोराचा फास घातला आणि चढला. वर जाऊन बसला. बसूनच राहिला. वाळक्या झावळ्यांची सळसळ तेवढी ऐकू येत होती.

"काय रे? वर झोपलास काय मेल्या? कोंब हाय काय?"

वरून आवाज आला, "हाय, बाय."

मंदाने ललितकडे असं बघितलं की बघ, ऐकलंस! पण आज तिचा तिलाच धीर धरवेना. कुठेतरी आत पाल चुकचुकली होती. "मग त्याचा एक हिरवा पाता काढून खाली टाक. मला बघू दे."

"पाता काढला तर मरेल तो."

"एका पात्याने? नखाएवढा टाक."

वरून काहीच आलं नाही. करवतवाल्याच्या तोंडून निघून गेलं, "अरे, मरा हुआ और क्या मरेगा." ललितने त्याला डोळ्यांनी दाबलं.

"गोमा," मंदा म्हणाली. आवाज एवढा खाली आला होता की वर पोचला कसा कोण जाणे. "उतर."

गोमा उतरला. तिच्यासमोर उभा राहिला, पायातला फास सोडवत बसला. सुटलेला फास पुन्हा सोडवत बसला.

"कधीपासून नाय?"

"गेल्या शिमग्यापासून."

"आणि मीठ कशात घालत होतास?"

"तिथंच. कुजलेल्यात."

"का खोटा बोललास?"

"तू खालून तोंड वर करून बघायचीस, बाय. त्या तोंडाला नाय कसा म्हणू?"

आता ही बाई ह्याची सालटी काढणार असं सगळ्यांना वाटलं. स्नेहल मागच्या दारातून पुढे आली होती, तिलाही तेच वाटलं. पण मंदा गोमाकडे बघतच नव्हती. ती ओटीकडे बघत होती, जिथे एके काळी देवू मान खाली घालून बसला होता.

"गोमा," ती म्हणाली, "रात्रीच्या काळोखात, दर्यात, जिवाच्या भीतीने पवणारा माणूस मागे वळून बघतो काय रे?"

गोमाला काही कळलं नाही. ललितला कळलं. देवूची गोष्ट ऐकतच तो मोठा झाला होता. तो पुढे आला, "मोठीआई," म्हणाला. तिने हात वर करून त्याला थांबवलं.

"देवू बारा वर्षांमागे मेला. मी त्याच्या बाराव्याला गेले. त्याची बायको मला धरून रडली, म्हणाली, त्याला झोप लागत नसे. मी म्हटलं, जहाज आठवत असेल." ती हसली, आणि ते हसू बघवेना. "मला घाबरत होता मुडदा. गावच घाबरत होता. माझ्या जिभेपायी एकाही माणसाने मला खरं सांगितलं नाय."

पाट सोडून ती उठली. स्नेहलने धरलं, तिने धरू दिलं.

"तोडा. पण शेंडा खाली आपटायचा नाय. दोर लावून उतरवा. डोकं हाय ते."

करवत चालली तेव्हा ती माजघरात जाऊन बसली नाही. समोर उभी राहिली. शेंडा दोरावरून हळूहळू खाली आला, गोमाने आणि ललितने तो हातांवर झेलला. मधोमध काळा लगदा, त्यात बोटाएवढ्या अळ्या. मंदाने आपला पदर सोडला आणि त्यावर घातला.

शेंडा जाळायला न्यायचा म्हणून ललितने टेम्पो काढला. कुणीतरी म्हणालं, बाईमाणूस मसणात जात नाही. मंदा म्हणाली, "अंगणातून मी उचलला होता. पोचवणारही मीच."

मसणवटीवर तिला जायचंच नव्हतं. सुरूच्या झाडांपलीकडे, पुळणीवर, जिथून नुसतं पाणी दिसतं तिथे तिने शेंडा ठेवायला लावला. ललितने तूप ओतलं, काडी ओढली. वाळक्या झावळ्यांनी एकदम पेट घेतला, माणसाएवढ्या ज्वाळा उठल्या, आणि क्षणात राख होऊन उडून गेल्या. मधला गाभा तसाच. ओला, काळा. त्यातून फेस यायचा, चर्र व्हायचं, धूर व्हायचा. सुरूची वाळकी पानं घातली, रॉकेल घातलं, टेम्पोतली फळकुटं घातली. धूर वाढला, आग काही धरेना.

मंदा वाकली आणि फुंकर घालू लागली. चुलीपुढे वाकावं तशी. धुराने डोळे लाल झाले, कुंकू घामाने नाकावर ओघळलं. बांगड्या मनगटात खळखळत होत्या. एकदा नाही म्हटलं होतं तिने त्याला जाळायला. आता सगळा जीव लावून जाळत होती, तर तो जळायला तयार नाही.

"मोठीआई, भरती लागली," ललित म्हणाला. "चल. बाकीचं मी बघतो."

"तू जा."

"अगं, पाणी येतंय."

"येऊ दे. त्या खेपेला मी नव्हते."

पाण्याची पहिली जीभ वाळूवरून सरकत राखेपर्यंत आली, चरचरली, मागे गेली. मंदाने झावळीचा एक तुकडा उचलला आणि वारा घालू लागली.

"अहो," ती म्हणाली. "पेटा ना आता."