एक दिवस मूर्ती आमच्याकडे

ऑक्टोबर महिना आमच्याकडे रोझरीचा, म्हणजे जपमाळेचा. मरियामातेची मूर्ती आळीतल्या घराघरांतून फिरते. आज संध्याकाळी एका घरी येते, सगळी आळी तिथे जमून माळ म्हणते, आणि उद्या संध्याकाळी त्याच घरातली बाई तिला दोन्ही हातांत धरून पुढच्या घरी पोचवते. चोवीस तास ती तुमची. यंदा आमची पाळी शनिवारी आली, आणि त्या शनिवारची मी जेवढी वाट बघितली तेवढी स्वतःच्या लग्नाचीही बघितली नव्हती.

कारण सांगते. माझ्या डाव्या छातीत गाठ आहे. पंधरा दिवसांपूर्वी आंघोळ करताना हाताला लागली. शाळेच्या कामाला जाते असं घरी सांगून एकटीच दवाखान्यात गेले, सुईने तुकडा काढून तपासायला दिला. नवऱ्याला, गॉडफ्रेला, सांगितलं नाही, कारण तो घाबरला की मलाच त्याला सांभाळावं लागतं. मुलीला, टिफनीला, सांगितलं नाही, कारण तिची परीक्षा. शुक्रवारी निरोप आला की रिपोर्ट तयार आहे, कधीही या. मी कळवलं, सोमवारी येते. ठरवलं होतं की आधी एक तास मरियामातेसमोर बसायचं, फक्त ती आणि मी, पोटात आहे ते सगळं सांगायचं, आणि मग ते रिपोर्टचं पाकीट उघडायचं. एकच तास. बावन्न वर्षांच्या बाईला चोवीस तासांतून एक तास मिळायला काय हरकत आहे?

शनिवारी सकाळपासून घरात पॅटिसवरून डोकेफोड. मागच्या घरी, नताशाकडे, आदल्या दिवशी चिकन पॅटिस होते. मग आपण नुसते बटाटेवडे कसे द्यायचे, असं टिफनीचं म्हणणं. "मम्मा, लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, लोक माळ म्हणायला येतात की खायला? पण हे तोंडाने म्हणत मी पर्स उघडली आणि ऐंशी पॅटिस सांगून मोकळी झाले. मग विजेच्या माळा. मग गॉडफ्रेने टेबलाला पांढरा पडदा लावला तो चुण्या पडलेला, तो काढून इस्त्री केली. मी कुणाला काही बोलायला नको, सगळा नाद माझाच.

संध्याकाळी नताशा मूर्ती घेऊन आली. मूर्ती हातात घेतली तेव्हा खरंच डोळे भरले. तेवढ्यात टिफनी ओरडली, "मम्मा, इकडे बघ, कॅनडावाले लाइव्ह आहेत!" मी तिच्या फोनमधल्या कॅनडाकडे बघून हसले.

माळ मीच सांगत होते, घर माझं ना. तोंडाने नमो मरियाची प्रार्थना चालू आणि डोळे माणसं मोजण्यात. त्रेचाळीस. ओट्यावर सहा. पॅटिस पुरतील. प्लेटा पुरतील का? माळेच्या तिसऱ्या दशकात मी दहाऐवजी तेरा नमो मरिया म्हटल्या. शेवटी शेजारची मटिल्डा मावशी खोकली तेव्हा भानावर आले. मटिल्डा मावशी म्हणजे पासष्टीची, जिभेला हाड नसलेली. तिच्या केळीची पानं आमच्या गटारात पडतात यावरून आमचं वर्षभर बोलणं जेवढ्यास तेवढं. जाताना म्हणाली, "पॅटिस बरे होते गो. माळ जरा लांबली." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. भांडी आवरेपर्यंत पाय सुजले, टेकले तिथेच डोळा लागला. पहिला दिवस असा गेला.

रविवारी सकाळी चर्चमध्ये मिस्साला बायबलमधलं पहिलं वाचन माझ्याकडे होतं. वाचलं. काय वाचलं ते विचाराल तर सांगता येणार नाही, कारण मटण आणायला गॉडफ्रेला पाठवलं होतं आणि तो नेहमीप्रमाणे चरबीच आणणार याची मला खात्री होती. चरबीच आणली.

दुपारी तीन वाजता बापलेक झोपले. मी खोलीचं दार लावलं, मेणबत्ती पेटवली, खुर्ची ओढून बसले. अखेर. मी म्हटलं, "आई," आणि पुढे काय म्हणायचं ते सुचेना. तिच्या निळ्या अंगरख्याच्या घडीत धूळ दिसली. इतक्या घरांतून फिरून आलेली, धूळ असणारच. पण दिसल्यावर बसवेना. जुना टूथब्रश आणून घड्या पुसल्या. मग फुलं कोमेजलेली दिसली, ती बदलली. मग मी काम करते त्या शाळेच्या बाईंचा फोन आला, सोमवारी किती वाजता येणार म्हणून. मी म्हटलं, उशीर होईल. का, ते सांगितलं नाही.

फोन हातात होताच. मी त्याच्यात लिहिलं, छातीतली गाठ दुखत नसेल तर काय असतं? त्याने उत्तर दिलं. मग दुसरं विचारलं. मग तिसरं. कुणी एक बाई नऊ वर्षं जगली, कुणी एक सात महिन्यांत गेली. मग मध्येच केस गळल्यावर बांधायचे रुमाल विकायला आले, तेही बघितले, त्यातला एक आवडलासुद्धा. जे आईला विचारायला बसले होते ते सगळं मी त्या फोनला विचारत होते, आणि ती समोर हात जोडून उभी. मान वर केली तेव्हा मेणबत्ती विझलेली होती आणि दारावर टिफनी थापा मारत होती. "मम्मा, साडेपाच! लोक यायला लागले."

मला रडू आलं नाही. राग आला, आणि तोही स्वतःचा. पंधरा दिवस ज्या एका तासाच्या आधारावर काढले तो तास मी माझ्याच हाताने घालवला होता. आणि दमले होते. तशीच मूर्ती उचलली.

पुढचं घर मटिल्डा मावशीचं. गाणं म्हणत सगळे निघाले. आमच्या फाटकापासून तिच्या ओट्यापर्यंत साठ पावलं असतील. दोन्ही हात मूर्तीला लागलेले, त्यामुळे फोन नाही, प्लेटा नाहीत, मोजणं नाही. मी पाय ओढत चालले. मागून कुणीतरी म्हणालं, "चल ना मर्सी, सात वाजतील." साठ पावलांत मला एवढंच म्हणता आलं, आई, मला भीती वाटते. आणि मग ओटा आला.

मटिल्डा मावशीने हात पुढे केले. मी मूर्ती सोडेना. तिने हलकेच ओढली, मी धरून राहिले. गाणं थांबलं. "सोड गो बाय," ती म्हणाली, "माझी पाळी आता."

"मावशी, उद्या माझा रिपोर्ट आहे," मी म्हटलं. "गाठ आहे. छातीत."

हे मला तिला सांगायचं नव्हतं. आळीत कुणालाही सांगायचं असतं तरी ती शेवटची. मागे गॉडफ्रेच्या हातातली मेणबत्ती खाली पडल्याचा आवाज आला. टिफनी "मम्मा?" एवढंच म्हणाली.

मटिल्डा मावशीने माझ्याकडे बघितलं. मग मूर्ती माझ्या हातून काढून घेतली, टेबलावर ठेवली, परत आली आणि मला दंडाला धरून भिंतीशी आरामखुर्चीत नेऊन बसवलं. तिच्या नवऱ्याची खुर्ची, तो गेल्यापासून तिच्यात कुणाला बसू देत नाही. "इथे बस. आज तू काय करायचं नाय," ती म्हणाली. गॉडफ्रे येऊन खुर्चीशेजारी जमिनीवर बसला. त्याने माझा हात घट्ट धरला आणि तो घाबरला होता, आणि पहिल्यांदाच मी त्याला सांभाळायला गेले नाही.

माळ सुरू झाली. मी ठरवलं की आता तरी नीट म्हणायची, एकेक शब्द. दर दशकाला येशू-मरियेच्या आयुष्यातला एक प्रसंग, म्हणजे रहस्य, सांगतात; पहिलं रहस्य आठवतं. दुसऱ्याच्या मध्ये मी झोपले.

किती वेळ झोपले कोण जाणे. पंधरा दिवसांत अशी झोप लागली नव्हती. जाग आली तेव्हा माळ चालूच होती, पण आवाज खाली आलेला, घसा बसल्यासारखा. मी किलकिल्या डोळ्यांनी बघितलं. पहिलं रहस्य चालू होतं. नवल वाटलं, मी तर दुसऱ्यात झोपले होते. मग लक्षात आलं की रहस्यं रविवारची, गौरवाची नाहीत, आनंदाची आहेत. रविवारची माळ संपून पुढची चालू होती.

शेजारी बसलेली नताशा पुढच्या बाईला कुजबुजत म्हणाली, "ही तिसरी. मावशी म्हणते, थांबलो की गलका होईल, ती उठेल. झोपू दे."

ओट्यावरची सगळी माणसं होती. कुणी गेलं नव्हतं. म्हातारे गुडघ्यांवरून उठून भिंतीला टेकून बसले होते. कोपऱ्यातल्या मोठ्या पातेल्यातल्या चहावर साय धरली होती आणि मटिल्डा मावशी, जिने काल माझी माळ लांबली म्हणून ऐकवलं होतं, ती घोगऱ्या आवाजात पुढची नमो मरिया सांगत होती. टिफनीचा फोन कुठेच दिसत नव्हता.

मी उठून बसायला हवं होतं. निदान चहा गरम करायला. मी डोळे पुन्हा मिटून घेतले आणि गॉडफ्रेच्या हातात हात तसाच ठेवून त्यांना म्हणू दिलं.