तोंड बांधलेली घंटा

मी घंटा बोलतेय. आवाज जरा घोगरा येईल, सांभाळून घ्या. माझ्या पोटात जो लोलक लोंबतो, ज्याच्यामुळे मी वाजते, त्याला चष्मा पुसायचं एक पिवळं फडकं करकचून बांधलंय. उद्या पाहुणे यायचेत, त्याआधी ते सोडायचा हुकूम निघालाय. म्हणून जे काय बोलायचं ते आजच बोलून घेते.

मी पितळेची. ओतकाम करणाऱ्यानं मला साच्यातून काढलं, बोटानं टिचकी मारली, कान देऊन ऐकलं आणि "झकास!" म्हणाला. तिथून मी गेले एका शाळेत. काय माझा थाट होता तिथे! शेवटच्या तासाला सगळ्या वर्गांचे कान माझ्याकडे. मी वाजले रे वाजले की हुशार पोर, ढ पोर, शिक्षा झालेलं पोर, सगळी एकदम सुटायची. मास्तरसुद्धा सुटायचे, फक्त त्यांना आनंद लपवावा लागायचा.

मग शाळेत विजेवरची किरकिरी घंटा आली आणि मी भंगारात गेले. एका गळक्या किटलीशेजारी धूळ खात पडले होते, तिथून एका बाईंनी मला उचललं. त्या एका आयव्हीएफ सेंटरच्या मॅनेजर होत्या. ज्यांना मूल होत नाही त्यांच्यावर तिथे उपचार होतात. मॅनेजरबाईंनी मला घासूनपुसून लख्ख केलं आणि मोठ्या डॉक्टरांच्या दाराला लागून, पेशंटच्या बाकांसमोर टांगलं. खाली पाटी लावली, 'गोड बातमी? मग वाजवा!'

उपचारांना मी नावं ठेवणार नाही. आत अशी यंत्रं आहेत की गर्भ ज्या उबदार पेटीत ठेवतात तिचं दारही न उघडता तो कसा वाढतोय ते पडद्यावर दिसतं. उरलेले गर्भ गोठवून ठेवतात, हवे तेव्हा वापरतात. मोठ्या डॉक्टर स्वतःपुढचा पडदा पेशंटकडे वळवून, समजेपर्यंत समजावतात. इंजेक्शनची आठवण फोनवर येते, कॉफीचं यंत्र आहे, रडू आलं तर बोलायला एक समुपदेशक बसवलीय. 'आमच्याकडे सगळं पेशंटला विचारून होतं,' असं मॅनेजरबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. माझ्याबद्दल मात्र त्यांनी कुणालाच विचारलं नव्हतं.

एखादीची रक्ततपासणी चांगली आली की ती माझी दोरी ओढायची आणि बाकांवरच्या बाकीच्या टाळ्या वाजवायच्या. वाजवाव्याच लागायच्या, नाहीतर जळकुकडी ठरायची भीती. चेहरे हसरे ठेवणं त्यांना जमायचं, पण टाळ्या संपल्यावर हात कुठे ठेवायचे ते कळायचं नाही. कुणी पर्स उघडून उगाच उचकायची. कुणी बाथरूमला जाऊन नाक लाल करून यायची. नवरे मोबाइलमध्ये तोंड खुपसायचे. शाळेत मी वाजले की सगळे सुटायचे. इथे एक सुटायची आणि बाकीच्यांना शिक्षा. मॅनेजरबाईंना हे कधी दिसलं नाही, कारण त्या वेळी त्या फोटो काढत असायच्या.

त्या बाकांवर वर्षानुवर्षं येणारी एक होती. चष्म्याच्या दुकानात कामाला. रिसेप्शनवरच्या मुली आपसात तिला 'चष्मेवाली' म्हणायच्या. बसल्या बसल्या ती पिवळ्या फडक्यानं स्वतःचा चष्मा पुसायची आणि मग शेजारणीचा मागून घ्यायची. "द्या हो इकडे, ओढणीनं पुसून ओरखडे पाडाल." तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. आमच्या लिफ्टचा आवाज ऐकून तो दर वेळी तोंड वाकडं करायचा आणि ती हसायची. सुरुवातीला ती माझ्यासाठी मनापासून टाळ्या वाजवायची. पुढे पुढे तिचे हात सवयीनं वाजायला लागले.

दाराला लागूनच असल्यामुळे आतलं सगळं मला ऐकू येतं. एके दिवशी मोठ्या डॉक्टर तिला म्हणाल्या, "गोठवलेला हा शेवटचा गर्भ. खोटी आशा दाखवत नाही. हा रुजला नाही, तर पुन्हा पहिल्यापासून सगळं तुमच्या शरीराला झेपेल असं मला वाटत नाही."

"चालेल," ती म्हणाली. "फक्त घरी कुणाला कळता कामा नये. मागच्या वेळी सासूबाईंनी लोकर आणून ठेवली होती. नंतर त्यांनी ती एक शब्द न बोलता कपाटात ठेवली. ते मला परत बघवणार नाही."

"नाही सांगणार," नवरा म्हणाला. "शब्द देतो."

गर्भ रुजला. रक्ततपासणी चांगली आली. ती खोलीतून बाहेर आली ती भिंतीला हात लावत, पायाखालच्या फरशीवर विश्वास नसल्यासारखी. मॅनेजरबाई दोरी हातात घेऊन तयारच होत्या.

"नको," ती म्हणाली. "बाळाचे ठोके दिसेपर्यंत थांबते ना."

"अहो, आनंद असा अडवून ठेवू नये! बघा बरं, या सगळ्याजणींना किती धीर येईल."

तिनं बाकांकडे पाहिलं. त्या सगळ्याजणी आपल्यामुळे खोळंबल्यात असं वाटलं असणार तिला, म्हणून तिनं दोरी अगदी हळू ओढली.

"जोरात!" मॅनेजरबाई म्हणाल्या. नवऱ्यानं फोन वर धरला होता. आनंद त्याच्या पोटात मावत नव्हता, आणि तोही लोकांसारखाच माणूस. मी खणखणीत वाजले. देवाशपथ सांगते, आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

पुढच्या तपासणीला ती दोघं आत गेली. मग मोठ्या डॉक्टर हलक्या आवाजात म्हणाल्या, "ठोके दिसत नाहीयेत. वाढ थांबलीय. तुमचं काहीही चुकलेलं नाही, हे आधी ऐका."

"थांबा," ती म्हणाली. "चष्मा पुसते."

फडक्याची सळसळ मला ऐकू आली.

"आता दाखवा."

डॉक्टरांनी पुन्हा दाखवलं. घाई केली नाही, की गोड बोलून फसवलं नाही. त्या बाबतीत मी त्यांचा शब्दानंही दोष काढणार नाही.

दोघं बाहेर येऊन माझ्याखाली उभी राहिली. तेवढ्यात नवऱ्याचा फोन वाजला. त्यानं बंद करायला घेतला आणि गडबडीत भलतंच बटण दाबलं. पलीकडून त्याच्या आईचा आवाज सगळ्या बाकांना ऐकू गेला. "अरे, मोजे पिवळे विणू का पांढरे, तेवढं विचार तिला! घंटेचा व्हिडिओ मी सगळ्या इमारतीला दाखवला बरं का!"

"आई, नंतर करतो," म्हणून त्यानं फोन बंद केला.

"तू पाठवलास?" तिनं विचारलं.

"राहवलं नाही गं मला."

"मग आता त्यांना सांगायचं कुणी? एकेका दारात जाऊन तू सांगणारेस?"

त्यानं फोन खिशात कोंबला. नेमकी त्याच वेळी एक नवखी मुलगी बहिणीचा हात धरून नाचत आली आणि तिनं माझी दोरी ओढली. तिची काय चूक? पाटीवर लिहिलंय तसं तिनं केलं. मी वाजले. बाकांवर टाळ्या झाल्या.

चष्मेवालीनंही टाळ्या वाजवल्या.

हात वाजून गेल्यावर तिच्या ते लक्षात आलं. ती स्वतःच्या तळहातांकडे बघत राहिली. मग तिनं बाक ओढला, वर चढली, पर्समधून ते फडकं काढलं आणि माझ्या लोलकाला गुंडाळायला लागली.

"अहो मॅडम, हे काय?" मॅनेजरबाई धावल्या. "हे आम्ही पेशंटसाठीच तर ठेवलंय!"

"या बाकावर बसलेल्या पेशंट नाहीत?" ती म्हणाली. "यांना विचारलंत कधी?"

बाकांवरून तिला खाली उतरायला कुणी सांगितलं नाही. गाठ घट्ट बसली. उतरण्याआधी ती माझ्या कानाशी आल्यासारखी वाकली. "आता गप्प बस, बाई," एवढंच म्हणाली. नवऱ्यानं हात पुढे केला होता. तो न धरताच ती उतरली.

गोंगाट ऐकून मोठ्या डॉक्टर दारात आल्या होत्या. त्यांनी गाठ पाहिली, मग बाकांकडे पाहिलं, आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. त्या दिवसापासून ती गाठ कुणी सोडली नाही. परवा एकीची तपासणी चांगली आली. तिनं दोरीला हात घातला, वर पाहिलं आणि हात मागे घेतला. नवऱ्याच्या कानात काहीतरी सांगून ती लिफ्टकडे गेली. बाकांवरच्या बायका पुस्तक वाचत होत्या, कॉफी पीत होत्या. त्यांना कळलंही नाही.

चष्मेवाली पुन्हा आलेली नाही.

उद्या नव्या शाखेचे पाहुणे येणार आहेत. मॅनेजरबाईंनी स्टूल आणि कात्री काढून ठेवलीय. माणसांनी मला वाजवण्यासाठी घडवलं आणि आयुष्यभर त्यांनी सांगितलं तेव्हा मी वाजले. आता फक्त एक विनंती आहे. मला परत भंगारात टाका, वितळवून नळाच्या तोट्या करा, माझी ना नाही. पण इथे ठेवणार असाल तर ती गाठ सोडू नका. आजवर सगळ्यांनी मला बोलायला लावलं. गप्प बसायला सांगणारी ती पहिलीच, आणि तिचं मला ऐकायचंय.