बोयाकडे रोखलेलं नाक

मित्रांनो, अंगात माती भरून आणि मातीत पिवळी फुलं लावून अंगणात बसवलेली ही मी एक जुनी शिडाची होडी आहे. येणारे-जाणारे माझे फोटो काढतात. मी कधीकाळी पाण्यावर धावत होते, हे त्यांना सांगूनही खरं वाटणार नाही.

नोव्हा स्कोशियाच्या किनाऱ्यावर इलायस हायस्लरने मला घरामागच्या छपराखाली घडवलं. फार लाडाने घडवलं हो! बेटावरून मासळी आणताना वारा बहुतेक समोरूनच यायचा. आता वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाणारी होडी अजून जन्माला यायची आहे. तिरकं जायचं, वळायचं, पुन्हा तिरकं जायचं. अशा वेळी इलायस मान वळवून मागे बघायचा. पाण्यावर उमटलेली माझी वाट सरळ मागे असली, की मी नीट चालले आहे. ती वाऱ्याच्या बाजूला कलली, की मी नुसती आडवी घसरते आहे. मग तो माझं पुढचं टोक, म्हणजे नाक, जरासं वळवून म्हणायचा, "घे बाई, पोटभर वारा घे." आणि मी अशी सुटायचे, की धक्क्यावरचे लोक तोंडात बोटं घालायचे.

पुढे इलायसचे गुडघे गेले. त्याच्या मुलाला, कर्टिसला, नवी होडी हवी होती. आमच्या बंदरात जुनी होडी मोडीत काढण्यापूर्वी तिला एक संधी देतात. एका नव्या होडीबरोबर तिने समोरच्या वाऱ्यात लाल बोयापर्यंत, म्हणजे खुणेसाठी पाण्यावर तरंगत ठेवलेल्या पिंपापर्यंत, जायचं. शेजारचा लॉईड आपली नवी होडी घेऊन आला. इलायस घोंगडी पांघरून धक्क्यावर खुर्चीत बसला होता.

कर्टिसने माझं नाक थेट बोयाकडे रोखलं आणि ओरडला, "बघा बाबा, कशी सरळ चाललीय! लॉईड बघा कुठं भरकटलाय!"

माझं शीड फडफडायला लागलं. जीव गुदमरला माझा. मी पुढे कमी आणि खडकांकडे जास्त सरकत होते. धक्क्यावर इलायस उठून उभा राहिला. "अरे गाढवा, सैल सोड तिला! मागे बघ, मागे!" पण वारा त्याच्या तोंडावर होता. लेकाची बढाई त्याला ऐकू आली, त्याची हाक मात्र लेकापर्यंत पोचली नाही.

लॉईड बोयाला वळसा घालून परतलासुद्धा.

"म्हातारी झाली हो बाबा ही," कर्टिस म्हणाला. "दमच उरला नाही."

"दम तू घोटलास रे तिचा!"

"बरं बरं, तुमच्या लाडक्या लेकीला नाही बोलत," म्हणून त्याने लॉईडला डोळा मारला.

त्याच हिवाळ्यात इलायस गेला. कर्टिसने नवी होडी घेतली आणि बाबांची आठवण म्हणून मला अंगणात बसवलं. फुलांचं पाणी निचरावं म्हणून माझ्या तळाला भोकं पाडली. नाक मात्र आठवणीने लाल बोयाकडे केलं.

परवा तो एकटाच आला आणि माझ्या काठावर बसला. "नवी होडीसुद्धा तिथंच घसरायची गं," तो म्हणाला. "आज नाक थोडं वळवलं, मागे बघितलं, तर काय धावली! बाबा तेव्हा हेच ओरडत होते ना?" मग मातीत हात घालून तो भोकं चाचपत राहिला आणि लहान मुलासारखा रडला. "बुजवतो मी ही," म्हणाला.

मित्रांनो, कुणाला नालायक ठरवण्याआधी आपण त्याला पुरेसा वारा दिला का, ते एकदा मागे वळून बघत जा. माझी भोकं काय, बुजतीलही. पण धक्क्यावरची ती खुर्ची आता रिकामी आहे. मी पुन्हा धावले, तरी ते ज्याने बघायचं तो कुठे आहे?