बापाघरच्या तीन रात्री

लेतोरिया माहेरी निघाली तेव्हा तिच्या नवऱ्यानं तिला अडवलं नाही. स्पुरिउस अंगणात शेळीच्या पायात रुतलेला काटा काढत बसला होता. मान वर न करताच तो म्हणाला, "यंदा कुणाकडे चाललीस? तिथं आहे कोण?"

"घर आहे."

"घर! भिंती वाढणार आहेत का तुला जेवायला?"

लेतोरियाचा भाऊ वेई या शेजारच्या शहराशी झालेल्या लढाईत आधीच गेला होता आणि बाप, म्हातारा वोलेरो, या हिवाळ्यात गेला. आव्हेंतिन टेकडीवरचं त्यांचं दोन खोल्यांचं घर तेव्हापासून बंद होतं. तिनं पाठीवर गाठोडं टाकलं, मुलीच्या, मेकिलियाच्या, केसांवरून हात फिरवला आणि ती सासरची केलियन टेकडी उतरू लागली.

या जाण्यामागची गोष्ट तशी सरळ आहे. रोममध्ये बाई नवऱ्याच्या घरी सलग वर्षभर नांदली, की ती त्याच्या हातात जाते. तिचं नाव, तिच्या बापाची चूल, तिच्या वाट्याची ढेकळं, सगळं त्याच्या घराण्यात जिरून जातं. बैलाचंही असंच असतं. वर्षभर ज्याच्या गोठ्यात, त्याचा. मात्र वर्षातून तीन रात्री लागोपाठ ती नवऱ्याचं घर सोडून झोपली, तर ते वर्ष मोडतं आणि ती बापाचीच लेक राहते. ज्या दहा शहाण्यांनी हे कायदे काशाच्या पत्र्यांवर कोरून चौकात लावले, त्यांना बायकोत आणि बैलात एवढाच तीन रात्रींचा फरक दिसला. तेवढा तरी दिसला, हे बायकांचं नशीब म्हणायचं.

लग्नाला बारा वर्षं झाली होती आणि बारा वर्षं हे माहेरपण चुकलं नव्हतं. ते चुकू न देणारा वोलेरोच होता. तीन दिवस तो लेकीला चुलीला हात लावू द्यायचा नाही. स्वतः डुकराची चरबी घालून घेवडा शिजवायचा, तो हमखास करपवायचा, आणि "खा, खा, तिकडं तुला लापशीच मिळत असणार" म्हणत तिच्या ताटात ढीग वाढायचा. सुखात आहेस का, असं त्यानं कधी विचारलं नाही. पण रोज सकाळी दारात उभा राहून तो सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडायचा, "ऐका हो! माझी लेक रात्री इथं झोपली होती! ज्याला शंका असेल त्यानं येऊन बघा!" लेतोरियाला तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पांघरुणात तोंड घालून ती म्हणायची, "ताता, पुरे की." त्यावर तो आणखी एकदा ओरडायचा.

यंदा तिनं जाणं लांबणीवर टाकलं होतं. आधी घेवड्याची पेरणी होती. मग मेंढ्यांची लोकर कातरायची होती. मग मे महिना आला, आणि त्या महिन्यात मेलेल्यांचे आत्मे घराघरांतून फिरतात, तेव्हा रिकाम्या घरात एकटीनं कसं झोपायचं? सबबींना काही तोटा नव्हता. खरं सांगायचं तर तिला बापाविना ते घर बघायचं नव्हतं, बस्स. दिवस मात्र कुणाची वाट बघत थांबत नाहीत. जूनच्या शेवटाला लग्नाचं वर्ष पुरं होत होतं आणि त्याआधीच्या नेमक्या तीनच रात्री तिच्या हाती उरल्या होत्या.

आव्हेंतिनवर पोचली तेव्हा शेजारची ओप्पिया मडक्याच्या खापरीत विस्तव घेऊन दारातच उभी होती. ही वोलेरोपेक्षा म्हातारी, दात नसलेली विधवा. गल्लीतल्या प्रत्येक घराची बित्तंबातमी तिच्याकडे असे.

"आलीस एकदाची! मला वाटलं, विसरलीस बापाला. नवऱ्याच्या उशीला खिळलीस की काय?"

"काहीतरीच काय, मावशी! कामं होती."

"कामं! सगळ्यांनाच असतात. हा घे विस्तव. तुमच्याच चुलीतला आहे, तुझा बाप गेला त्या दिवसापासून माझ्या राखेत जपून ठेवलाय. आणि ऐक, सकाळी ओरडायचं काम आता माझ्याकडे. तुझा बाप जाताना मला सांगून गेलाय."

"ओरडायची काही गरज नाही, मावशी."

"गरज कशी नाही? साक्षीदार नको? तू आत कितीही झोपलीस, तरी बाहेर कुणी बघितलं नाही तर ती झोप कुणाच्या हिशेबात धरायची?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ओप्पिया खरंच ओरडली. पण दात नसलेल्या तोंडातून आवाज निघाला तो चिरका आणि केविलवाणा, आणि गल्लीत कुणी मानसुद्धा वळवली नाही. लेतोरिया पांघरुणात पडून ते ऐकत होती. लाज वाटायला कुणी उरलं नाही, हे तिला तेव्हा पहिल्यांदा कळलं, आणि ती पोटभर रडली.

दिवस कसा घालवायचा हा प्रश्नच होता. तिनं घर झाडलं. चुलीपाशी घरच्या देवांना मीठ लावलेलं पीठ वाहिलं. बापाची बाकडी बाहेर काढून पुसली आणि पुन्हा आत ठेवली. घेवडा शिजवला, तो करपला नाही, आणि त्यामुळे तो तिला गोडच लागेना. मग ती दारात बसून राहिली. समोर दरी, दरीपलीकडे केलियन टेकडी, आणि टेकडीच्या उतारावर कुठंतरी तिचं सासरचं घर. इथून सगळी छपरं सारखीच दिसायची. तिकडं मेकिलिया आता शेळीला पाणी दाखवत असेल, स्पुरिउस शेतावरून येऊन हात धूत असेल. तिच्यावाचून तिकडं काही अडलं नव्हतं आणि इथं तिची कुणाला गरज नव्हती. बापाच्या नावासाठी ती इथं बसली होती, पण ते नाव हाक मारून सांगायचं तर कुणाला, असा विचार मनात येऊन ती फार एकटी पडली.

तिसऱ्या दिवशी दुपारी ओप्पिया धापा टाकत आली.

"बघितलंस का? गडावर लाल निशाण चढवलंय!"

लेतोरिया उठून उभी राहिली. निशाण म्हणजे लढाई.

"पुन्हा वेईच," ओप्पिया म्हणाली. "आपली गुरं हाकून नेली म्हणे त्यांनी. तिथंच, कापितोल टेकडीवर, सकाळपासून नावं पुकारतायत. मधल्या गल्लीतले तिघे गेले. पहाटे उजाडायच्या आत फौज निघणार."

"माझा नवरा?"

"पंचेचाळिशीच्या आतला धडधाकट माणूस, त्याला सोडतायत होय! हातात ढाल धरता येते ना? मग झालं."

हिशेब सोपा होता, आणि म्हणूनच जीवघेणा होता. आजची रात्र इथं काढली, तर नवरा तिला न भेटता लढाईवर जाणार. तिकडं काढली, तर वोलेरोची लेक संपली, या चुलीचा मालक स्पुरिउस, आणि बापाच्या नावानं पीठ वाहायला जगात कुणी उरलं नाही. वसंतातच आली असती तर हा पेच पडलाच नसता. तिनं स्वतःला मनातल्या मनात चार शिव्या घातल्या.

"मावशी, मी काय करू?"

"मला काय विचारतेस! तुझ्या बापानं मला रात्री मोजायला सांगितलंय, तुला दावणीला बांधायला नाही. जायचं तर जा."

ती निघाली. दरीतून पलीकडं जाताना तिनं एकदाही मागं वळून पाहिलं नाही. वाटेत ढाली-भाले घेतलेले पुरुष भेटत होते, कुणी थट्टा करत होतं, कुणी बायकोवर खेकसत होतं. आपण बापाला सोडून चाललो आहोत, हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि तरी प्रत्येक पावलागणिक तिला हलकं वाटत होतं. नवऱ्याचं घर दिसलं तेव्हा तर ती जवळजवळ पळतच सुटली.

स्पुरिउस उंबऱ्यावर बसून ढालीच्या पट्ट्याला तेल चोळत होता. तिला बघून तो उठला आणि दाराच्या दोन्ही बाजूंना हात टेकून उभा राहिला.

"तू कशी काय आलीस?"

"चालत आले. सरक, आत येऊ दे. मेकिलिया कुठंय?"

"तिला थोरल्या भावाकडे, आउलुसकडे, पोचवलंय. मी अंधारातच निघणार, पोर एकटी कशी ठेवायची? उद्या सकाळी घेऊन ये तिला." तो जागचा हलला नाही. "दिवस बुडायला आलाय, लेतोरिया."

"दिसतंय मला. सरक."

"नाही सरकणार."

तिला वाटलं, थट्टा करतोय. पण त्याचा चेहरा थट्टेचा नव्हता.

"बारा वर्षं तुझ्यामागं लागलोय मी, पुरे झालं हे माहेरपण म्हणून," तो म्हणाला. "आज तू आपल्या पायांनी आलीस, आणि मी तुला आत घेणार नाही. नशिबाची काय थट्टा आहे बघ."

"डोकं फिरलंय का तुझं?"

"ऐकून घे. परत आलो तर पुढचं पुढं बघू. नाही आलो तर? आज तू माझ्या हातात आलीस, तर मी मेल्यावर तुझा कारभार माझ्या भावाकडे जाणार. आउलुस कसा आहे तुला माहितेय. बायकोला मीठसुद्धा चिमटीनं देतो. तुझ्या बापाचं घर महिन्याभरात विकून मोकळा होईल. मेकिलिया तर त्याच्या ताब्यात जाणारच, ते काही मला टाळता येत नाही. पण तुझं स्वतःचं एक दार असलं, तर पोरीला पळून यायला जागा तरी राहील."

"मी नवऱ्याला निरोप द्यायला आले," लेतोरिया ओरडली, "घरांची वाटणी करायला नाही!"

"मग दे निरोप. इथंच दे."

समोरचा चांभार दुकानाची फळी लावता लावता थांबून दोघांकडे टक लावून बघत होता. उद्या आउलुसनं विचारलं तर हाच सांगणार होता, बाई आत गेली की नाही ते. लेतोरियाला त्या चांभाराचा, त्या दहा शहाण्यांचा, सगळ्या रोमचा संताप आला. स्पुरिउसनं आपल्याला हात धरून आत ओढावं, असं तिला मनापासून वाटत होतं. त्यानं ओढलं असतं, तर ती एका शब्दानं बोलली नसती. त्याच्याही मनात तेच होतं, कारण चौकटीवरची त्याची बोटं पांढरी पडली होती.

"शेळीचा पाय अजून सुजलाय," तो शेवटी म्हणाला. "गरम पाण्यानं शेक."

"शेकीन."

"आणि पोरीला माझं... काहीतरी सांग. तुला सुचेल ते."

"जेवलास का?"

"जेवलो. जा आता. दिवे लागायच्या आत टेकडी चढ."

ती चढली. ओप्पियानं तिला परत आलेली पाहिलं. तिनं फक्त स्वतःच्या घरातून पांघरूण आणलं, लेतोरियाच्या दाराबाहेर अंथरलं आणि त्यावर आडवी झाली, साक्षीला.

पहाटे अंधुक उजेडात खाली लाकडी पुलावर पावलं वाजू लागली. वेईला जायचं तर याच पुलावरून नदी ओलांडायची. लेतोरिया ओप्पियाला ओलांडून बाहेर धावली आणि टेकडीच्या कडेला येऊन उभी राहिली. खाली पुलापर्यंत जाता आलं असतं. पण सूर्य उगवला नव्हता, रात्र अजून सरली नव्हती, आणि नवऱ्याजवळ उभी होती असं उद्या कुणी आउलुसच्या कानावर घातलं असतं, तर कालची सगळी ताटातूट पाण्यात गेली असती. म्हणून ती कडेलाच थांबली. खालून रांगांवर रांगा जात होत्या. काशाची शिरस्त्राणं, चामड्याच्या ढाली, खांद्यावरची गाठोडी, सगळी एकाच साच्यातली. तिनं डोळे ताणून बघितलं. बारा वर्षं ज्याच्या कुशीत झोपली, तो माणूस तिला ओळखता येईना.

अर्धी फौज पलीकडे गेली तेव्हा तिला राहवलं नाही. बापासारखीच ती छाती भरून ओरडली, "स्पुरिउस!"

या गावात पुरुषांना ठेवायला नावंच किती आहेत! पुलावरच्या तीन-चार जणांनी एकदम माना वर केल्या. तेवढ्यात मागचे पुढं रेटले आणि रांग सरकली. एकानं तेवढा चालता चालता हात उंच केला आणि पूल संपेपर्यंत तो तसाच धरून ठेवला.

तो तिचा स्पुरिउस होता, की ज्याला निरोप द्यायला कुणीच आलं नव्हतं असा दुसराच कुणी, ते एवढ्या उंचीवरून तिला कळलं नाही. तिनंही हात वर केला. मागं ओप्पिया गल्लीला ओरडून सांगत होती, वोलेरोची लेक रात्री इथंच झोपली होती.