बिनबिल्ल्याचा संघ

वाचनालयातला माणूस दुकानात शिरला तेव्हाच मला त्याचा संशय आला. माझ्याकडे पुरुष येतात ते पँटची उंची कमी करायला किंवा चेन बदलायला, आणि आल्या आल्या घाई लावतात. हा हसला. माझी प्रकृती विचारली. अनोळखी माणूस प्रकृती विचारायला लागला की मी हातातली कात्री खाली ठेवत नाही.

त्याने खाकी पाकिटातून एक फोटो काढून माझ्या कापायच्या टेबलावर ठेवला. पोस्टकार्डाएवढा, कडा पिवळ्या पडलेला. फुटबॉलचा संघ होता. सहा जण उभे, पाच जण गुडघ्यावर, मधल्याच्या पुढ्यात चेंडू. सगळ्यांच्या अंगात उभ्या पट्ट्यांचे शर्ट.

"वाचनालयात जुन्या खेळांचं प्रदर्शन भरवतोय," तो म्हणाला. "शेजारच्या गावातले एक फोटोग्राफर वारले. त्यांच्या मुलीने पेटीभर फोटो दिले. बाकी सगळ्या संघांची ओळख पटली, हाच एक कुणाला ओळखू येत नाही. मागे काही लिहिलेलं नाही, शर्टावर बिल्ला नाही."

"मग मी काय ओळखणार? मी काय गोलकीपर होते?"

"रेफ्रीकाका म्हणाले, असे शर्ट आपल्या गावात एकाच माणसाने शिवलेत. त्याच्या मुलीला विचारा."

ती मुलगी म्हणजे मी.

चव्वेचाळीस वर्षांपूर्वी गावातल्या मोठ्या क्लबाने माझ्या बाबांना पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाचा अख्खा ताका दिला होता. अंतिम सामन्याआधी चौदा शर्ट हवे होते. बिल्ले क्लब स्वतः लावून घेणार होता. बाबांनी शर्ट शिवले, गाठोडं बांधलं आणि क्लबाच्या सेक्रेटरींच्या हातात नेऊन दिलं, असं बाबा म्हणाले. सेक्रेटरी म्हणाले, माझ्या हातात काही आलंच नाही. त्या दुपारी ते क्लबात एकटेच होते, त्यामुळे साक्षीदार कुणी नाही. क्लब जुन्या विटक्या शर्टांत खेळला आणि हरला. अर्ध्या गावाने बाबांचं नाव कापडखाऊ ठेवलं. उरलेल्या अर्ध्याने सेक्रेटरींना इतकं सुनावलं की त्यांनी क्लब सोडला. शाळेच्या गणवेशांचं काम बाबांच्या हातून गेलं ते कायमचं.

मी तेव्हा दहा वर्षांची. सेक्रेटरींची मुलगी वर्गात माझ्याच बाकावर बसायची, माझी जिवाभावाची मैत्रीण. 'तुझा बाप चोर' असं ती आधी म्हणाली की 'तुझा बाप खोटारडा' असं मी, ते आता आठवत नाही. तेव्हापासून आमचं बोलणं बंद. आज तिचं औषधाचं दुकान माझ्या दुकानाच्या बरोब्बर समोर आहे, आणि डोकेदुखीची साधी गोळी आणायला मी पार बस स्टँडपर्यंत पायपीट करते.

"तुम्हाला समोरून तर नाही ना पाठवलं?" मी विचारलं.

"समोर कुठे?" त्याने वळून रस्त्याकडे पाहिलं. चेहरा भोळा होता. भोळ्या चेहऱ्यांवर माझा विश्वास नाही, पण फोटो मला हवा होता. "दोन दिवस ठेवून जा," मी म्हटलं, आणि तो दाराबाहेर पडायच्या आत भिंग काढलं.

चेहरे वाटाण्याएवढे होते, उन्हाने डोळे बारीक केलेले. चेहऱ्यांशी मला कर्तव्य नव्हतं. मी खांदे पाहिले. बाबांची एक खोड होती. पट्ट्यांचं कापड असलं की खांद्याच्या शिवणीवर पुढची पट्टी आणि मागची पट्टी अशी जुळवायचे की शिवण दिसू नये. खिसाही असा बसवायचे की पट्टी त्याच्यावरून सरळ खाली जायची. त्यात कापड जास्त जातं, वेळ जातो, गिऱ्हाइकाला फरक कळतही नाही. मी स्वतः असं करत नाही. अकराच्या अकरा शर्टांचे खांदे मी पाहिले. एकही पट्टी चुकलेली नव्हती.

मला रडू फुटलं. बाबा जाऊन नऊ वर्षं झाली होती. शर्ट शिवले होते, गाठोडं होतं, आणि ते कुणाच्या तरी अंगावर चढलं होतं. म्हणजे सेक्रेटरींनीच ते परस्पर कुणाला तरी दिलं. आता हे कोण ते कळलं की झालं. समोरच्या काचेमागे ती चष्मा लावून कुणाला तरी गोळ्या मोजून देत होती. बघ आता, मी मनात म्हटलं, तुझ्या बापाचं पितळ कसं उघडं पाडते.

दुकानामागच्या खोलीत आई बटणं निवडत बसली होती. अठ्ठ्याहत्तरावं चालू आहे, पण चार भोकांचं आणि दोन भोकांचं बटण ती नुसत्या बोटांनी ओळखते. मी फोटो तिच्या मांडीवर ठेवला. "आई, यातलं कुणी ओळखीचं वाटतंय?"

ती फोटोकडे बघत राहिली. मग म्हणाली, "चष्म्याशिवाय काही दिसत नाही गं मला."

चष्मा तिच्या नाकावर होता.

म्हातारपण, असं म्हणून सोडून दिलं. पण फोटो परत घेताना तिची बोटं तो सोडत नव्हती, आणि ते माझ्या मनात टोचत राहिलं.

संध्याकाळी रेफ्रीकाकांकडे गेले. ते ओट्यावर बसून गरम पाण्याच्या बादलीत पाय शेकत होते. चाळीस वर्षं मैदानात धावलेले पाय आता जिन्याच्या तीन पायऱ्यांनाही कुरकुरतात.

"मला कशाला गोवलंत यात?" मी विचारलं.

"कारण मला शर्ट ओळखू आले आणि माणसं ओळखू आली नाहीत. क्लबाचं पोर न् पोर मला तोंडपाठ होतं. यातलं एकही नाही." त्यांनी भिंग मागितलं. चेहऱ्यांवरून ते खाली पायांवर आले आणि तिथेच थांबले. "हे बघ. बूट नाहीत. चिंध्या गुंडाळल्यात पायांना. अशा चिंध्या कोण गुंडाळायचं माहीत आहे? तापलेल्या विटांवर चालणारे. भट्टीवरची माणसं आहेत ही."

"भट्टीवाल्यांचा संघ होता?"

"व्हायचा होता. तीनदा अर्ज केला त्यांनी. नियम असा की संघाला एकसारखे शर्ट पाहिजेत, नाहीतर नोंद नाही. त्यांच्याकडे धड दोन शर्ट सारखे नव्हते. सेक्रेटरींनी तीनदा परत पाठवले. पण शेजारच्या गावात त्याच आठवड्यात सामने होते. तिथे त्यांना कोण ओळखतंय? शर्ट असले की झालं."

"म्हणजे सेक्रेटरींनी आपल्या क्लबाचे शर्ट भट्टीवाल्यांना विकले!"

रेफ्रीकाकांनी बादलीतून एक पाय बाहेर काढला. "तुझी गाडी दर वेळी त्याच्याच दारात कशी जाते गं? ज्याने त्यांना तीनदा परत पाठवलं तोच त्यांना नवे शर्ट देईल?" मग पायाकडेच बघत म्हणाले, "तुझ्या आईचं माहेर कुठलं?"

आईचं माहेर भट्टीवरचं. मला एक मामा होता. वर्षातून दोनदा यायचा आणि दुकानात पाऊल टाकायचा नाही, कपड्यांवरची विटांची धूळ कापडाला लागेल म्हणून. भट्टी बंद पडल्यावर कामासाठी लांब गेला आणि तिकडेच वारला.

"तुम्हाला आधीपासून ठाऊक होतं?"

"मी मैदानात शिट्टी वाजवायचो बाई. लोकांच्या घरात नाही."

परत येताना मी सगळ्या जगावर संशय घेऊन पाहिला. रेफ्रीकाकांनी हे आत्ता रचलं असेल. त्यांचं आणि सेक्रेटरींचं जुनं मेतकूट असेल. वाचनालयातल्या माणसाला कुणी फूस दिली असेल. फोटोच बनावट असेल. कोपऱ्यावर येईपर्यंत माझ्याकडचे सगळे संशयित संपले आणि आई उरली.

ती अजून त्याच जागी बसलेली होती. बटणांचं ताट तसंच पुढ्यात होतं. मी दिवा लावला आणि फोटो ताटात ठेवला.

"मी दिले," आई म्हणाली. मी अजून काही विचारलंही नव्हतं. "तुझा बाप दुपारचा झोपला होता. गाठोडं मी उचललं आणि दादाला नेऊन दिलं. एका दिवसासाठी. संध्याकाळपर्यंत आणून देतो म्हणाला, मी धुऊन इस्त्री करून ठेवणार होते. कुणाला कळलंही नसतं."

"मग?"

"ते जिंकले. जिंकणार असं कुणाला वाटलं होतं? दुसऱ्या दिवशी परत खेळावं लागलं. चिखल, ओढाओढी. दादाचा खांदा निखळला तेव्हा शर्ट कात्रीने कापून काढला. चार फाटले, बाकीच्यांचा रंग उरला नाही. ते काय क्लबाला द्यायचे? भट्टीत टाकले."

"आणि बाबा?"

"त्याला मी पहिल्याच रात्री सांगितलं, शर्ट परत आले नाहीत तेव्हा. तो म्हणाला, सकाळी जाऊन खरं काय ते सांगतो. सकाळी क्लबाची पाच माणसं दारात उभी. तुझ्या बापाने माझ्याकडे पाहिलं आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, काल दुपारी सेक्रेटरींच्या हातात दिलं म्हणून. एकदा निघालं ते निघालं. मग मागे कसं घेणार? बायकोने चोरलं म्हणून सांगणार?"

मी भडकले. इतकी की माझा आवाज मलाच ओळखू येईना. "चव्वेचाळीस वर्षं! मी शाळेत मार खाल्ला यासाठी. समोरच्या बाईचं तोंड बघत नाही मी. तू एकदा थांबवलं नाहीस मला?"

"तू बापाची बाजू घ्यायचीस तेव्हा तो सुखावायचा," आई म्हणाली. "तुला थांबवायचं म्हणजे तुझ्यासमोर त्याला खोटं पाडायचं. ते माझ्याच्याने झालं नाही."

मी भिंतीकडे तोंड करून बसले. बाबांचा मला राग आला, पहिल्यांदाच, आणि तो कुठे ठेवावा कळेना, कारण खांद्यावरच्या पट्ट्या जुळवणारा माणूसही तोच होता. थोड्या वेळाने मागून आईचा आवाज यायला लागला. ती माझ्याशी बोलत नव्हती. फोटोवर बोट ठेवून एकेकाला हाक मारत होती.

"हा खांब. गोलात हाच असायचा, वाकायचा कंटाळा होता त्याला. हा डावरा. हा तोतरा आणि हा त्याचा भाऊ गप्प्या, घरात बोलणारं कुणी नव्हतंच. हा मुकादमाचा जावई. ह्याला चेंडू दिसायचा नाही, पण ह्याला घेतला नसता तर सुट्टी मिळाली नसती. हा भोंगा…" अकरा जण झाले. कुठेही अडखळली नाही. शेवटी तिचं बोट पुढ्यात चेंडू असलेल्या माणसावर बराच वेळ राहिलं. "आणि हा दादा. हसतोय बघ मेला."

मी वहीचं पान फाडून अकरा नावं लिहून घेतली. मग विचारलं, "शर्टांचं काय लिहू? लिहिलं तर सगळं गाव वाचेल."

"खरं ते लिही," ती म्हणाली. "माझं नाव घाल. तुझ्या बापाला एकट्याला पुढे करू नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी मी रस्ता ओलांडला. औषधाच्या दुकानात मी पहिल्यांदाच पाऊल टाकत होते. तिने मान वर केली आणि चेहरा बंद करून घेतला. मीही तेच केलं असतं.

"काय हवंय?"

मी फोटो आणि कागद काउंटरवर ठेवले आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. पट्ट्या, चिंध्या, मामा, आई, भट्टी. बाबांचं खोटंही सांगितलं. "तुझे वडील खरं बोलत होते," मी म्हटलं. "त्यांच्या हातात काहीच आलं नव्हतं. प्रदर्शनात फोटोखाली तसं लिहायला सांगणार आहे."

तिने फोटो जवळ घेतला, पण पाहिला नाही.

"बाबा गेल्या वर्षी गेले," ती म्हणाली.

"माहीत आहे." त्यांना नेलं तेव्हा मी दुकान बंद केलं नव्हतं. मशीनही थांबवलं नव्हतं.

"शेवटची तीन वर्षं त्यांना काही आठवत नव्हतं. मला ताई म्हणायचे. पण हे आठवायचं. म्हणायचे, तो टेलर कशाला खोटं बोलेल? गाठोडं आलंच असणार, मीच कुठेतरी ठेवलं आणि विसरलो. रोज कपाटं उघडायचे. पलंगाखाली वाकून बघायचे. दमले की मला म्हणायचे, चल, समोर जाऊन त्यांची माफी मागून येऊ."

मागे कुणीतरी गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं. तिने त्याला हातानेच थांबवलं.

"मी म्हणायचे, उद्या जाऊ."