एक सूत जास्त

"टेप लावून मापतो तो सुतार नव्हे, शिंपी!" मिस्त्री म्हणाले. "पस्तीस वर्षं या डोळ्यांनी मापतोय. एका सुताचा फरक पडला असेल तर मिशी उतरवीन. आणि हा मला शिकवतोय, घरून माप घेऊन निघायला हवं होतं म्हणे!"

"भाऊजी, जरा—" मेव्हणा म्हणाला.

"मध्ये बोलू नकोस."

"अहो, पण समोर—"

"समोरचं मला दिसतंय," असं म्हणून मिस्त्री ताडताड चालत कॉम्प्युटरच्या दुकानात शिरले. म्हणजे शिरायला गेले. दार काचेचं होतं.

आत बसलेल्यांना वाटलं, एखादा स्पीकर फुटला. मिस्त्रींच्या नाकातून रक्ताची धार लागली आणि काचेवर त्यांच्या तोंडाचा ठसा उठला, मिशीसकट. काउंटरवरची मुलगी कापूस घेऊन धावली. तिचा सराव बघता हा आठवड्यातला पहिला ठसा नसावा.

"मी तेच सांगत होतो," मेव्हणा म्हणाला. हा मेव्हणा गाडी शिकवायच्या शाळेत शिक्षक होता. उभा जन्म दुसऱ्याच्या गाडीत बसून ब्रेक दाबण्यात गेलेला. भाऊजींना मात्र देवानं ब्रेकच बसवलेला नव्हता.

तर मिस्त्रींना घ्यायचं होतं ग्राफिक्स कार्ड. स्वतःसाठी नाही, बायकोसाठी.

मिस्त्रींची बायको प्लास्टरच्या वॉर्डात नर्स होती. तीस वर्षं तिनं लोकांची मोडलेली हाडं सांधली आणि निवृत्त झाल्यावर मोडायला बसली. जावयानं टाकून दिलेला कॉम्प्युटर घरी आला, त्यात बंदुकांचा एक खेळ होता, आणि महिन्याभरात बाई रोज दुपारच्या चहापर्यंत तीस-चाळीस माणसं आडवी करू लागल्या. खेळातलं त्यांचं नाव सिस्टर. चार जणांची टीम होती. कॅप्टन कुठल्या तरी दुसऱ्या गावचा दाताचा डॉक्टर होता आणि हातबॉम्ब टाकताना "आता थोडं दुखेल हं" असं म्हणायचा.

मिस्त्रीही या खेळात होते, पण हातात बंदूक नसलेले. सिस्टरच्या उजव्या हाताला स्टूल टाकून बसायचं आणि उजवी बाजू राखायची, एवढंच त्यांचं काम. "खिडकीत एक! पिंपामागे दोघं!" अशी हाळी मिस्त्रींनी द्यायची आणि सिस्टरनी मुंडकं उडवायचं. बेचाळीस वर्षांच्या संसारात दोघांचं इतकं कधीच जमलं नव्हतं.

पण गेले काही महिने सिस्टर सारख्या मरत होत्या. आणि दर वेळी उजवीकडून. मागच्या आठवड्यात हेडफोनमधून बाहेर येणारा कॅप्टनचा आवाज मिस्त्रींनी स्वतःच्या कानांनी ऐकला. "सिस्टर, राग मानू नका. पण रविवारच्या फायनललाही तुम्ही अशाच मेलात, तर तुमच्या जागी दुसरं कोणी बघावं लागेल."

बाई हेडफोन काढून बराच वेळ त्याची वायर गुंडाळत बसल्या. मिस्त्रींच्या काळजात पटाशी घुसली. उजवी बाजू त्यांची होती.

"चित्रच धूसर येतंय," त्यांनी निकाल दिला. "कार्ड गेलंय."

आज रविवार होता. फायनल दुपारी चारला.

"कार्ड कशासाठी हवंय, काका?" मुलीनं विचारलं.

"माणसं मारायला," नाकात कापसाचे बोळे कोंबलेले मिस्त्री म्हणाले.

"कोण मारणार?"

"आमच्या घरातून."

मुलीनं मान डोलावली. "पॉवर सप्लाय केवढा आहे?"

"मीटर घरगुती आहे," मेव्हण्यानं जबाबदारीनं सांगितलं.

"आणि कॅबिनेटमध्ये जागा किती? मोठी कार्डं लांब असतात, काका. आत बसायला हवीत."

मिस्त्रींची छाती फुगली. "कॅबिनेट माझ्या हातचं आहे. पत्र्याचं डबडं नाही, अस्सल शिसवी. आत जागा तेरा इंच, वर एक सूत जास्त." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. मुलीला ते ठाऊक नव्हतं, पण मिस्त्रींनी ते असं उच्चारलं की विचारायची तिची छाती झाली नाही.

काउंटरपाशी दोन गिऱ्हाइकं सकाळपासून भांडत उभी होती. एक लठ्ठ, एक किडकिडीत. लठ्ठ्याचं म्हणणं, तीन पंख्यांच्या कार्डाला तोड नाही. किडकिडीत म्हणत होता, दोन पंख्यांचं शहाण्याचं, तीन पंख्यांचं दिखाऊ लोकांचं. पंखा म्हणजे कार्ड तापू नये म्हणून वर बसवलेला. कार्डं थंड होती. हे दोघं तापले होते.

"काकांनाच विचारा," लठ्ठ्या म्हणाला. नाकातून रक्त गळणारा माणूस निःपक्षपाती असणार असं त्याला का वाटलं, कोण जाणे.

मुलीनं दोन पडदे शेजारी शेजारी चालू केले. एकावर दोन पंख्यांचं चित्र, एकावर तीन पंख्यांचं. दोन्हीकडे एक सैनिक दुसऱ्याच्या पोटात सुरा खुपसत होता.

"बघा, रक्ताचा थेंब न थेंब वेगळा दिसतो की नाही?" लठ्ठ्या म्हणाला.

"इथे सुऱ्याची धारसुद्धा दिसते!" किडकिडीत म्हणाला.

मिस्त्रींनी मान तिरकी करून दोन्ही पडदे पाहिले. फळीला बाक आलाय का ते बघताना ते अशीच मान करत. "दोन्ही भिकार," ते म्हणाले. "धुक्यात म्हशी झुंजतायत."

सकाळपासून एकमेकांच्या जिवावर उठलेल्या त्या दोघांची त्या क्षणी एकी झाली.

पहिला ठोसा लठ्ठ्यानं मारला. मिस्त्री वाकल्यामुळे तो मागच्या पुठ्ठ्याच्या सैनिकाला लागला आणि सैनिकाचं डोकं तुटून प्रिंटरवर पडलं. मिस्त्रींनी हाताला आला तो कीबोर्ड उचलला आणि किडकिडीत माणसाच्या पाठीत घातला. बत्तीशी सांडावी तशी बटणं सांडली. मेव्हणा घाबरला की उजवा पाय दाणकन खाली दाबायचा, जन्माची खोड. या वेळी खाली लठ्ठ्याचा अंगठा होता. लठ्ठ्या एका पायावर नाचत माऊसच्या ढिगाऱ्यात कोसळला आणि किडकिडीत मिस्त्रींच्या पोटरीला चावला.

"झालं असेल तर सांगा," मुलगी म्हणाली. "कीबोर्ड बिलात धरलाय."

"सगळ्यात लांब कार्ड कुठलं?" मिस्त्रींनी धापा टाकत विचारलं.

"तीन पंख्यांचं. बारा इंच सात अष्टमांश."

"म्हणजे सात सूत. दोन सूत मोकळीक राहते. दे!"

"बघितलंस?" जमिनीवरून लठ्ठ्या विव्हळत किडकिडीत माणसाला म्हणाला. "काकांनी तीनच घेतलं."

घरी पोहोचले तेव्हा अडीच वाजले होते. सिस्टरनी नवऱ्याचं नाक दोन बोटांत धरून हलवलं. मिस्त्री किंचाळले.

"मोडलेलं नाही," बाई म्हणाल्या. "आणि पोटरीला काय?"

"दोन पंख्यांच्या बाजूचा होता एक," मेव्हणा म्हणाला.

शिसवी कॅबिनेट जमिनीवर आडवं ठेवलं. मिस्त्रींनी जुनं कार्ड उपटलं, नवं आत सरकवलं. नवं गेलं, गेलं आणि थांबलं. मिस्त्रींनी जोर लावला. कार्ड पुढच्या फळीला टेकलं होतं आणि मागं अर्धा इंच बाहेर राहिलं होतं.

"कार्ड फुगलंय," मिस्त्री म्हणाले.

"कार्ड फुगत नाही, भाऊजी."

"मग लाकूड आकसलं."

"शिसव आकसतं?"

मेव्हण्यानं हळूच खिशातून स्टीलची टेप काढली. त्या घरात पस्तीस वर्षांत टेप आली नव्हती. पोरीच्या लग्नाच्या वेळी शिंप्यालासुद्धा मिस्त्रींनी बाहेर उभं केलं होतं.

"बारा इंच तीन सूत," मेव्हण्यानं वाचलं.

"खोटं!"

"स्वतः बघा."

मिस्त्रींनी टेप डोळ्यांसमोर धरली, लांब नेली, जवळ आणली. मग एकदम लाल झाले. "माझ्या घरात टेप आणतोस? माझ्या?" टेपचं एक टोक त्यांनी धरलं, डबी मेव्हण्याच्या हातात. दोघं ओढू लागले. टेप खोलीभर लांब झाली. मिस्त्री शिव्या देत होते, मेव्हणा "भाऊजी, सोडा, भाऊजी, सोडा" म्हणत होता. आणि मिस्त्रींनी सोडली. सहा हात पातं सणसणत आलं आणि मेव्हण्याचा खालचा ओठ उभा फाटला.

"आई गं! ताई, मारलं गं यानं मला!"

"तूच म्हणालास, सोडा," मिस्त्री म्हणाले.

"दोघं गप्प बसा," सिस्टर म्हणाल्या. कॅप्टनचा आवाज येत राहावा म्हणून त्यांनी हेडफोन फोनला जोडून गळ्यात अडकवला होता. त्यांनी भावाच्या ओठावर बर्फ दाबला. "सव्वातीन वाजले. आज मला माणसं मारायचीत. ती घरातली असावीत असा माझा हट्ट नाही, पण तुम्ही फार जवळ बसलायत."

आता एकच इलाज होता. पुढच्या फळीला भोक पाडून कार्डाचं नाक बाहेर काढायचं. मिस्त्रींनी पेन्सिलीनं रेघ मारली, पटाशी लावली, हातोडा उचलला. पहिला घाव रेघेवर बसला असं त्यांना वाटलं. तो डाव्या अंगठ्यावर बसला होता. दुसरा घाव त्यांनी रागानं घातला, तोही तिथेच. शिसवीवर रक्त सांडलं. सिस्टरनी अर्ध्या मिनिटात अंगठा बांधला आणि पटाशी काढून भावाच्या हातात दिली.

मिस्त्री बघत राहिले. गाडी शिकवणारा मास्तर त्यांच्या लाकडावर टेप लावत होता, रेघ मारत होता, घाव घालत होता. भोक वाकडंतिकडं झालं, पण कार्ड बसलं. कॅबिनेट जीभ बाहेर काढल्यासारखं दिसायला लागलं.

चारला पाच मिनिटं असताना पडदा उजळला.

"बापरे!" सुजलेल्या ओठांनी मेव्हणा म्हणाला. "ताई, आरसा आहे आरसा! त्या भिंतीवरची मुंगी दिसतेय!"

मिस्त्रींनी स्टूल ओढलं, नेहमीसारखं उजव्या हाताला. पडद्याकडे पाहिलं. डोळे चोळले. पुन्हा पाहिलं.

"फसवलं," ते म्हणाले. "काडीचा फरक नाही. जातो आणि दुकान पेटवून देतो."

खेळ सुरू झाला होता. सिस्टर एका पडक्या गोदामात घुसल्या आणि दारातल्या दोघांना त्यांनी एका दमात झोपवलं. नजर पडद्यावरून न काढता त्या म्हणाल्या, "अहो, डावा डोळा झाका बरं."

"कशाला?"

"झाका म्हणते ना." धाड. जिन्यावरचा एक पडला. "काय दिसतंय?"

मिस्त्रींनी बांधलेल्या अंगठ्यासकट डावा पंजा डोळ्यावर ठेवला.

"दूध," ते म्हणाले.

"मोतीबिंदू." धाड, धाड. "चांगला पिकलाय."

"तुला कधीपासून माहीत?"

"उन्हाळ्यापासून. खुंटीवरच्या माझ्या गाऊनला तुम्ही विचारलंत, चहा टाकतेस का."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही कार्ड म्हणालात. म्हटलं, कार्ड तर कार्ड." सिस्टरनी एकाला बंदुकीच्या दस्त्यानं ठेचलं. "मला नवं हवंच होतं."

मेव्हण्यानं खिडकीबाहेर बघण्यासारखं काहीतरी शोधलं.

मिस्त्रींना आपल्या सुतारकामाच्या कारखान्यातला मार्चमधला दरवाजा आठवला, जो आखूड निघाला आणि त्यांनी लाकडाला दोष दिला. जूनमधली दोन कपाटं आठवली. त्यांनी हात खाली घेतला. हात कुठे ठेवावा ते कळेना, म्हणून मांडीवर ठेवला.

"अहो."

"हं."

"स्टूल इकडे घ्या. डावीकडे. आजपासून डावी बाजू तुमची, उजवी माझी मी बघते."

मिस्त्री उठले. स्टूल उचलून वळसा घालून डाव्या हाताला आले, बसले, मान तिरकी केली. डाव्या डोळ्यात अजून धार होती. गोदाम, पिंपं, जिना, सगळं जागच्या जागी दिसलं.

"खिडकीत एक!" ते ओरडले. मुंडकं उडालं.

"पत्र्यामागे दोघं!" हातबॉम्ब गेला, दोघांचे चार तुकडे झाले.

मिस्त्रींचा आवाज चढला. ते स्टुलावर उभेच राहिले. "जिन्यात! पिवळी टोपी! हाण!"

सिस्टरनी हाणलं. पिवळी टोपी जिन्यावरून गडगडत खाली आली.

"सिस्टर," हेडफोनमधून दाताचा डॉक्टर शांतपणे म्हणाला, "तो मी होतो."

उरलेल्या तिघांनी वीस मिनिटं किल्ला लढवला. शेवटी एकट्या सिस्टर उरल्या आणि पिंपामागे चाकूनं मेल्या. या खेपेला समोरून. टीम दुसरी आली. याआधी कधी पहिल्या दहातही आली नव्हती.

"सिस्टर, तुम्ही राहा," कॅप्टन म्हणाला. "फक्त पुढच्या वेळी तुमचे मिस्टर आपल्या विरुद्धच्या टीमला द्या."

सिस्टर हसल्या. वायर न गुंडाळता हेडफोन टेबलावर तसाच टाकला. मेव्हणा जायला निघाला तेव्हा मिस्त्रींनी हात पुढे केला. त्याला वाटलं, माफी मागतायत.

"टेप ठेवून जा," मिस्त्री म्हणाले.

मंगळवारी सिस्टर त्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेल्या. मिस्त्रींनी धुतलेला सदरा घातला होता आणि टेप खिशात होती. पायऱ्यांपाशी बाईंनी दंड धरायला हात पुढे केला.

"सोड," मिस्त्री म्हणाले. "एवढं दिसतंय मला."

दार काचेचं होतं. दोन टाके पडले.