बेडकांचा तास

सोमवारी बेडूक कापायचे आहेत हे रेनेल्डाला शुक्रवारी कळलं, आणि तेव्हापासून तिच्या घशाखाली घास उतरेना.

उन्हाळाभर कॉलेजात राहून गणित-विज्ञानाची तयारी करायला अमेरिकेतल्या नावाहो आदिवासींच्या वस्तीतल्या शाळांमधून पोरं निवडली होती. ज्यांच्या घरात कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही, अशीच सगळी. रेनेल्डा बिट्सुईला जनावरांची डॉक्टर व्हायचं होतं. चिनली गावाच्या पलीकडे तिच्या आईच्या मेंढ्या होत्या, आणि तिथून जनावरांचा डॉक्टर गाठायचा म्हणजे अख्खा दिवस मोडायचा. एवढं ठरवून आलेली पोरगी, आणि आडवा आला बेडूक.

बेडूक पाण्याचे. त्यांच्या वाटेला जायचं नाही, मेलेल्याला तर शिवायचंही नाही, हे तिच्या घरी पाळत. का, ते कुणी समजावून सांगितलं नव्हतं. विस्तवात हात घालू नये हे तरी कुठे समजावून सांगावं लागतं?

"घरी मेंढी सोलतेस ना?" जेवणाच्या टेबलावर डेल्विन म्हणाला. हाही नावाहोच, ट्यूबा सिटीचा, जिभेने तिखट. "आतडी धुतेस, आणि एवढ्याशा बेडकाला घाबरतेस?"

"मेंढी आपण खातो. बेडूक खातोस का तू?"

"डॉक्टरीणबाई, उद्या गाय आजारी पडली तर आधी तिला विचारणार का, तू खायची आहेस की कसं?"

बाकीचे हसले. रेनेल्डा ताट तसंच ठेवून उठली.

पोट दुखतंय म्हणून तास बुडवायचा, आणि बाईंनी शून्य दिलं तर गाशा गुंडाळून घर गाठायचं, असं तिने मनाशी ठरवूनही टाकलं. रविवारी आईला फोनवर तसं सांगितलं. आईने सगळं ऐकून घेतलं.

"दुखतंय का पोट?"

"नाही."

"मग खोटं कशाला बोलायचं? तुझ्या बाईला हे माहीत आहे?"

"तिला कसं असेल? ती तिकडे लांब मिलवॉकी शहरातली आहे."

"मग सांग तिला. हात लावू नकोस, पण पळूनही येऊ नकोस. तू आलीस म्हणून इथे मेंढ्या काही नाचणार नाहीत."

सोमवारी सकाळी ती सगळ्यांच्या आधी प्रयोगशाळेत गेली. कोवाल्स्कीबाई ट्रे मांडत होत्या. औषधाचा उग्र वास दारापर्यंत येत होता. ती उंबऱ्यावरच थांबली.

"मिस, मला हे जमणार नाही."

"चक्कर येते का? पहिल्यांदा सगळ्यांनाच..."

"चक्कर नाही. आमच्या घरी बेडकाला मारत नाहीत, मेलेल्याला शिवत नाहीत. मी शिवले तर मला शुद्धीचा विधी करून घ्यावा लागेल. शून्य द्यायचं तर द्या, पण घरी पाठवू नका."

बाईंनी ट्रेवर झाकण ठेवलं. बाहेर आल्या आणि व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या. शेजारची जागा थोपटत म्हणाल्या, "बस."

रेनेल्डा बसली.

"दर उन्हाळ्यात बेडकांच्या दिवशी माझ्या निम्म्या वर्गाचं पोट दुखतं," त्या म्हणाल्या. "मी आपली कँटीनला दोष देत होते."

रेनेल्डाला हसू आवरेना. बाईही हसल्या, पण त्यांचा चेहरा पडलेलाच होता. "कुणी बोललं कसं नाही?"

"बोललो तर काढून टाकाल, असं वाटतं सगळ्यांना."

"काढून कशाला टाकेन? मला हृदय कसं चालतं ते शिकवायचंय. ते बेडकाचंच हवं असं थोडंच आहे?"

"मेंढीचं चालेल?" तिच्या तोंडून निघून गेलं.

तिची मावशी लॉरेन्सिटा गावच्या बाजारात मटणाचा रस्सा विकायची. पुढच्या बाजाराच्या दिवशी तिने बर्फाच्या पेटीतून मेंढीचं हृदय आणि श्वासनळीसकट फुफ्फुसं पाठवली. बेडकांचे ट्रे तोवर दुसऱ्या इमारतीत गेले होते. त्या दिवशी कुणाचंही पोट दुखलं नाही.

बाईंनी श्वासनळीत पंप लावला. डेल्विनने हवा भरली, तशी आक्रसलेली फुफ्फुसं गुलाबी होत फुगत गेली आणि वर्ग टेबलाभोवती पुढे सरकला. रेनेल्डाने हृदय चिरलं, जाड नळीत बोट घातलं.

"ही शीर."

"शीर नव्हे, धमनी," बाई म्हणाल्या. "चेपून बघ, मिटत नाही."

खरंच मिटत नव्हती. इतकी हृदयं तिने आजवर धुतली होती, पण डावी बाजू एवढी जाड का, हे कधी मनातही आलं नव्हतं. तिने विचारलं.

"तूच सांग बघू," बाई म्हणाल्या.

ती बोट तसंच आत ठेवून विचार करत राहिली. "इकडून रक्त लांब ढकलायचं असतं. पार खुरापर्यंत."

"बरोबर."

हात धुताना डेल्विन शेजारी आला. "मलाही झोप लागत नव्हती, खरं सांगतो."

"मग माझी टिंगल का केलीस?"

"कुणीतरी आधी बोलावं म्हणून." तो साबण शोधत राहिला. "बेडकाला शिवलो असतो तर माझ्या आजीने मला घरात घेतलं नसतं."

संध्याकाळी आईचा फोन आला. "लॉरेन्सिटा विचारतेय, ते हृदय परत मिळेल का. शिजवलं असतं म्हणते."

"आई, त्याचे तुकडे झाले."

"अगं, शिजवताना तुकडेच करतात."

रेनेल्डा पलंगावर आडवी होऊन हसत सुटली. पोटात भुकेचा आगडोंब उसळला होता. तिने फोन ठेवला, बूट चढवले आणि कँटीन बंद व्हायच्या आत खाली धावली.